बाटलीचा काठ

छोट्या आलुबुखारांच्या बिया काढायची सोपी युक्ती मी शोधून काढली, हे गेली चार वर्षं मी भेटेल त्याला सांगत होते. कुणी विचारलं नसलं तरी सांगत होते. त्यामुळे त्या युक्तीने माझी कशी गाळण उडवली, तेही मीच सांगायला हवं.

मोठ्या आलुबुखाराचं काही अवघड नाही. सुरी गोल फिरवायची, दोन्ही अर्धुकं उलटसुलट पिळायची, बी सुटते. पण जॅमला चव लागते ती छोट्यांची, बोराएवढ्यांची. ती हातात धरावीत तर निसटतात, सुरी लावावी तर बोट कापतं, आणि बी गराला अशी धरून बसते की दोघांची ताटातूट करणारे आपणच दुष्ट वाटायला लागतो. माझी युक्ती अशी. निमुळत्या तोंडाची काचेची बाटली घ्यायची. तिच्या तोंडावर फळ बसवायचं, देठाची बाजू वर. लाकडी चमच्याचा दांडा देठाच्या खळीत टेकवायचा आणि एकदाच, न कचरता दाबायचं. बी आरपार निघून बाटलीत पडते, टप. फळ वर राहतं, मधे भोक, बाकी सगळं जागच्या जागी. रससुद्धा बाटलीत गळतो. तासाभरात टोपली संपते. शिकवलं कुणी नाही मला. एक दिवस चिडून फळ बाटलीवर आपटलं आणि कळलं.

या कामात माझ्या जोडीला थोरली असते. थोरली म्हणजे माझी मोठी जाऊ. घरात आम्ही दोघीच. तिचा नवरा आणि माझा, दोघे भाऊ, एकापाठोपाठ एक गेले. भांडण मिटवायला कुणी उरलं नाही म्हणून आम्ही भांडणं जरा कमी केली. ती मला धाकटी म्हणते. मी पन्नाशी ओलांडली तरी धाकटीच. मी तिला तोंडावर ताई म्हणते, अहो-जाहो करते. मनात मात्र थोरली, आणि तू.

गेल्या वर्षापासून तिचा उजवा हात कापतो. कप बशीवर ठेवताना किणकिण ऐकू येते. ती किणकिण सुरू झाली की दोघीही काहीतरी बोलायला लागतो, ऐकू येऊ नये म्हणून. जोर मात्र तसाच आहे. बरण्यांची झाकणं तीच लावते आणि तिने लावलेलं झाकण उघडायला पहिलवान लागतो. यंदा हंगामाच्या सुरुवातीला मी तिला म्हटलं होतं, "पुढच्या वर्षी तुम्ही नुसतं बसायचं हं ताई. मी आहे ना." फार प्रेमाने म्हटलं होतं. ती काही बोलली नव्हती. मला वाटलं, बरं वाटलं तिला.

रविवारी आम्ही जॅम केला, बाटलीवर फळं दाबायला ती, शेगडीशी मी. अडतीस बरण्या. सोमवारी त्यातल्या दोन मी पायऱ्या चढून वर बालवाडीत देऊन आले, दरवर्षी देते. बाकीच्या छत्तीस फळीवर. सोमवारीच पाहिलं, थोरलीच्या तर्जनीला चिंधी बांधलेली.

"काय झालं हो?"

"सुई टोचली. पिशवी शिवत होते."

पिशवी म्हणजे बियांची. बिया धुवून, वाळवून कापडी पिशवीत शिवायच्या, तव्यावर पिशवी गरम करायची आणि थोरलीचे गुडघे शेकायचे. ही युक्ती तिची. ती कुणाला सांगत फिरत नाही, एवढाच आमच्यात फरक.

बुधवारी दुपारी पावणेतीनला मी बादलीतून बाटली काढली. रविवारपासून ती आणि शेवटच्या बिया पाण्यात भिजत होत्या, चिकटलेला गर सुटावा म्हणून. बाटली घासली, खळबळली आणि फडक्याने तोंड पुसायला गेले तर फडकं अडलं.

एक धागा ओढला गेला, एवढंच. मी बाटली खिडकीशी नेली. काठावरून टवका गेला होता. करंगळीच्या नखाएवढा, अर्धगोल, आणि त्याच्या दोन्ही टोकांना काच अशी चमकत होती की नुसत्या बघण्यानेच बोट कापावं.

मला आधी काहीच वाटलं नाही.

घाबरलं की माणूस आधी मूर्खपणा करतं. मी टवका बाटलीत शोधला. धुतलेल्या, रिकाम्या बाटलीत. उलटी करून, हलवून, आत फुंकर मारून. मग मोरीत शोधला, मग बादलीत, हाताने पाणी ढवळून, आणि मग लक्षात आलं की काच शोधायला मी उघडा हात घातलाय.

"ताई," मी ओरडले, "ही बाटली कुठे आपटली होती का हो?"

"नाही गं," आतल्या खोलीतून उत्तर आलं. लगेच. "मला काय ठाऊक?"

दोन्ही उत्तरं एकाच श्वासात. पण तेव्हा माझे कान जागेवर नव्हते.

मी टेबलावर पांढरी चादर पसरली आणि सगळ्या बिया तिच्यावर ओतल्या. रविवारच्या वाळलेल्या, बादलीतल्या ओल्या, सगळ्या. एकेक सरकवत गेले. बी, बी, बी, एक वाळकं देठ, बी. काच बीच्या रंगाची नसते, दिसायलाच हवी. नव्हती. पुन्हा पहिल्यापासून. नव्हती.

टवका बाटलीत नाही, बियांत नाही, मोरीत नाही. मग राहिलं काय? बाटलीच्या तोंडावर दिवसभर बसत होतं ते एकच. फळ. आणि माझा जॅम मी गाळत नाही. फोडी दाताखाली याव्यात म्हणून. तेही भेटेल त्याला सांगायचे.

फळीवरच्या छत्तीस बरण्यांवर ऊन पडलं होतं. त्या कुठे पळून जात नव्हत्या. पण बालवाडीतल्या दोन?

बालवाडीत साडेतीनला खाऊ असतो. घड्याळात तीन वाजून आठ मिनिटं झाली होती.

फोन लावला. वाजत राहिला. त्या वेळी मुलं झोपलेली असतात आणि तिथल्या बाई फोन रुमालात गुंडाळून खणात ठेवतात. हे मला ठाऊक होतं, तरी चार वेळा लावला. पाचव्यांदा हात इतका थरथरायला लागला की आकडेच चुकले. थोरलीचा हात कापतो तेव्हा तिला कसं वाटत असेल, असा विचार मनात चमकून गेला. थांबला नाही.

बाटली पिशवीत टाकली. "बालवाडीत जाऊन येते," एवढं म्हटलं आणि निघाले.

आमच्या गल्लीच्या टोकापासून बालवाडीपर्यंत एकशे बारा पायऱ्या आहेत. तिसाव्या पायरीवर कळलं की उजव्या पायात माझी चप्पल आहे आणि डाव्यात थोरलीची. तिचा पाय माझ्यापेक्षा मोठा. प्रत्येक पायरीवर फट्, फट्. वळणावर सुऱ्यांना धार लावणारा बसतो. त्याने चाक थांबवलं.

"काय हो, आग लागली का कुठे?"

"जॅम!" मी म्हटलं.

"जॅमला?"

उत्तर द्यायला श्वास नव्हता. त्याच्या चाकाखाली दगडाची पूड आणि लोखंडाचे कण पडले होते, उन्हात चमकत होते, आणि मला ते सगळे लहान लहान तोंडांत दिसायला लागले. पुढच्या पायऱ्या मी मोजल्या नाहीत. एरवी मोजते. मनात एकच चालू होतं. तिथल्या मावशींनी बरणी उघडलेली नसू दे. थोरलीच्या हातचं झाकण आहे. थोरलीच्या हाताला बळ राहू दे.

बालवाडीचं दार उघडं होतं. अठरा मुलं बुटक्या टेबलांशी बसली होती, प्रत्येकापुढे ब्रेडचा तुकडा. ओट्याजवळ मावशी, म्हणजे तिथला स्वयंपाक बघणारी बाई, बरणी काखेत दाबून झाकणावर चमच्याचा दांडा हाणत होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आल्या बघा! तुमच्या जाऊबाईंना सांगा, झाकण नुसतं लावायचं असतं. त्याचं बरणीशी लग्न लावायचं नसतं."

बरणी बंद होती. मी हसलेसुद्धा असेन.

"कालची उघडायला तर दूधवाल्याला हाक मारली," मावशी म्हणाल्या.

"कालची?"

"कालची संपली की. चाटूनपुसून. ती बघा कोपऱ्यातली चिंगी, तिने तर चमचा सोडला नाही."

आता काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. धावत असताना भीती पुढे होती, मी तिला गाठायला निघाले होते. इथे कळलं की ती कालच येऊन गेली. अठरा मुलांच्या तोंडातून, घशातून खाली उतरून गेली, आणि मी काल दुपारी काय करत होते तर उशीला अभ्रा घालत होते.

"बाई," मी म्हटलं, "जरा बाहेर येता?"

बालवाडीच्या बाई किडकिडीत, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. आवाज कधी चढत नाही. मी पिशवीतून बाटली काढली, काठ दाखवला आणि सांगितलं. सगळं एका दमात, कारण मधे थांबले असते तर पुढचं बोलवलं नसतं.

बाई दाराजवळच्या मुलांच्या खुर्चीत बसल्या. गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"केवढा?"

मी करंगळी दाखवली.

"नक्की जॅममध्ये गेलाय?"

"नक्की नाही. पण बाकी कुठेच नाही."

त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला. मग उठल्या, मावशींच्या काखेतली बरणी काढून घेतली, कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि टाळ्या वाजवल्या. "आज सिंहाचा ब्रेड आहे, मुलांनो! सिंह जॅम खात नाही. कोरडा खातो. पण आधी सिंहांची तोंडं बघायची आहेत. आऽऽ करा."

अठरा तोंडं उघडली. डरकाळ्या सुरू झाल्या. एका बाजूने बाई आणि दुसऱ्या बाजूने मी, मावशी बॅटरी धरून मधे. जिभेखाली, गालांच्या आत, घशात दिसेल तिथवर. गुलाबी, ओली, दुधाचा वास येणारी तोंडं. पोट दाबून बघायची तेवढी अक्कल आम्हा तिघींनाही नव्हती. "इथे दुखतं का? इथे?" एवढंच विचारत होतो. एकाने सांगितलं, इथे गुदगुल्या होतात.

चिंगीने तोंड उघडलं आणि आत लाल होतं.

हिरडीवर, पुढे, रक्ताचं लाल. मावशींनी बॅटरी जवळ आणली.

"हे काय झालं गं?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज तसाच होता, पण त्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवशी वळ होता.

"दात पडला," चिंगी ऐटीत म्हणाली. "काल."

"कशाने पडला?"

"जॅम खाताना!"

मी खाली बसले. पुन्हा तिच्या तोंडात बघितलं.

"हलत होता तो," बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "आठ दिवस हलत होता. पहिला दात वर्गात हिचाच." स्वतःला सांगितल्यासारखं पुन्हा म्हणाल्या, "हलत होता."

चिंगीने दप्तरातून कागदाची पुडी काढून दात दाखवला. अख्खा. मी तो हातात घेऊन खिडकीशी नेला, त्यात काच रुतलीय का बघायला. असं कुणी करतं का? मी केलं.

तेवढ्यात दाराशी फट्, फट् ऐकू आलं.

थोरली उभी होती. वर्षभरात ज्या बाईने आमच्या गल्लीचं टोक पाहिलं नाही ती एकशे बारा पायऱ्या चढून आली होती. चेहरा राखेसारखा, केस कपाळाला चिकटलेले, एका पायात तिची चप्पल आणि दुसऱ्यात माझी, टाच बाहेर. दाराची चौकट धरून ती आधी श्वास शोधत राहिली. मग पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

"हा घे," ती म्हणाली. "जॅममध्ये नाही. माझ्याकडे आहे."

कागदात टवका होता.

मावशींनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. पेला दातांवर वाजला.

"मोरीत बिया ओतताना बाटली नळावर लागली," थोरली बाईंना सांगत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "टवका मोरीतच पडला. मी उचलला, कागदात बांधला. जॅमशी त्याचा संबंध नाही हो. संबंध असता तर मी गप्प बसले असते का? चादरीवर बिया पसरलेल्या पाहिल्या तेव्हा कळलं, ही कशाला धावली ते."

"देवा," मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात.

जीव भांड्यात पडायला हवा होता. पडतही होता. मी टवका दोन बोटांत धरला आणि सहजच बाटलीच्या काठावर बसवून पाहिला. चपखल बसला. फक्त एका टोकाला फट राहिली. मोहरीएवढी. तेवढा कण नव्हता.

बाईंनी चष्मा लावून पाहिलं.

"ताई," मी विचारलं, "ती शेवटची खेप होती ना? बाटली लागली त्यानंतर तुम्ही त्यावर फळं नाही ना दाबलीत?"

थोरलीने डोळे मिटले. "शेवटची होती." मग उघडले. "नाही. अर्धी टोपली राहिली होती. मी फुटलेली बाजू माझ्याकडे फिरवली. फळ चांगल्या बाजूला टेकवत होते मी, धाकटे. जपून करत होते."

त्या खोलीत अठरा सिंह कोरडा ब्रेड खात होते. तेवढाच आवाज होता.

बाईंनी दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरांनी सांगितलं, एवढा कण बहुधा आपोआप निघून जातो, पण दोन दिवस लक्ष ठेवा. पोटात दुखलं, उलटी झाली, रक्त दिसलं तर लगेच या. आईबापांना सांगा. ते सांगायचं काम बाईंनी दारात केलं, एकेकाला बाजूला घेऊन, आणि मी शेजारी बाटली घेऊन उभी राहिले. थोरली माझ्यामागे. एक वडील "काच?" असं तीनदा म्हणाले. चिंगीच्या आईने पोर उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी पोर, पाय जवळजवळ जमिनीला टेकलेले, आणि तशीच पायऱ्या उतरत गेली. ती शिव्या देती तर बरं झालं असतं.

परत येताना थोरली दर दहा पायऱ्यांवर बसत होती. मी दोन पायऱ्या खाली थांबत होते. चप्पल बदलून घ्यायचं दोघींनाही सुचलं नाही.

"का नाही सांगितलंत?" चौथ्या बैठकीला मी विचारलं.

"तू म्हणालीस ना, पुढच्या वर्षी नुसतं बसा."

"तुमच्या बऱ्यासाठी म्हटलं हो."

"ते कळलं मला. त्यानेच तर जास्त भीती वाटली." ती कापणारा हात दुसऱ्या हाताने धरून बसली होती. "नुसतं बसवलेलं माणूस तू पाहिलं नाहीस. तू या घरात यायच्या आधीच सासूबाई गेल्या. सहा वर्षं बसल्या होत्या. 'तुम्ही बसा हं, मी आहे ना,' मीच म्हणायचे त्यांना. खिडकीशी खुर्ची दिली होती. शेवटी शेवटी खिडकीकडे पाठ करून बसायच्या." मग म्हणाली, "एवढासा टवका. वाटलं, कुणाला कळतंय?"

माझ्या मनात दोन बोलायच्या गोष्टी होत्या. एक फार कडवट, एक जरा बरी. दोन्ही गिळल्या. "उठा," मी म्हटलं. "खाली जाऊन जॅम गाळायचाय."

छत्तीस बरण्या उघडल्या. तिची झाकणं तिनेच उघडली, एकेक, दात आवळून. जॅम गरम करून पातळ केला आणि बारीक जाळीतून गाळला, जाळी दर खेपेला पांढऱ्या ताटलीत झटकली, ताटली उजेडाखाली धरली. साली, तंतू, फोडी. संध्याकाळभर तेच, गुरुवारी सकाळी पुन्हा तेच. रात्री झोपलो का, विचारू नका. फोन उशाशी होता आणि तो वाजला नाही, या गोष्टीची मला इतकी भीती वाटली की तो चालू आहे का हे मी तीनदा पाहिलं.

गुरुवारी साडेनऊला तो वाजला. हातातली जाळी खाली पडली.

"सतरा आलेत," बाईंचा आवाज.

"आणि अठरावं?"

"मामाच्या लग्नाला गेलंय. मी तिथे फोन केला. वरातीत नाचतंय म्हणे." आणि लगेच, "पण अजून एक दिवस आहे."

अजून एक दिवस. मी थोरलीला सांगितलं. ती ओट्याशी बसून शेवटच्या बरण्या गाळत होती. तिने मान हलवली आणि डाव घ्यायला हात पुढे केला. तेव्हा मी पाहिलं, तर्जनी सरळ ठेवून ती बाकीच्या चार बोटांनी डाव धरत होती. चिंधी तीच, सोमवारची, कडेने पिवळट झालेली.

"सुई टोचून तीन दिवस झाले, ताई."

"दुखतंय जरा. पिकलंय बहुतेक."

"सुई कधी टोचली?"

"सांगितलं ना. सोमवारी."

"ताई."

तिने डाव खाली ठेवला. "रविवारी," ती म्हणाली. "सुई नाही. टवका उचलताना कापलं."

मी तिला हाताला धरून खिडकीशी नेलं. चिंधी कोमट पाण्याने भिजवून सोडवली. बोटाच्या पेरावर छोटीशी चीर, भोवती लाल, सुजलेलं. हात कापत होता. मी तो माझ्या मांडीवर दाबून धरला, आणि तरी चिमटा नेमका टेकेना, कारण आता माझाही कापत होता.

"दोघींचे एकदम कापले तर कसं जमायचं?" थोरली म्हणाली. "थांब. श्वास घे. एक मी, एक तू."

चीर दाबली. आधी पू आला, मग रक्ताचा थेंब, आणि थेंबात काहीतरी चमकलं. चिमट्याला लागलं तेव्हा आवाज झाला, कीस्. इतका बारीक की ऐकू आला की दाताला जाणवला, सांगता येत नाही. मी तो कण पांढऱ्या ताटलीत ठेवला. मोहरीएवढा.

बाटली आणली. टवका बसवला. चिमट्याने तो कण फटीत टेकवला. हात इतका कापत होता की दोनदा निसटला. तिसऱ्यांदा थोरलीने माझं मनगट धरलं, आणि कण बसला. काठ पुरा झाला. कुठेही काही उरलं नाही.

थोरलीने काठावर नजर फिरवली. मग बोट तोंडात घातलं लहान मुलासारखं, आणि रडायला लागली. "माझ्याच बोटात होता," ती बोट न काढताच म्हणाली. "चार दिवस. आणि मी त्याच बोटाने देवाला हात जोडत होते, मुलांच्या पोटातून काढ म्हणून."

मी बाईंना फोन केला. कण कुठे सापडला ते सांगितलं. मग नाक ओढल्याचा आवाज आला. "सांगते सगळ्यांना," त्या म्हणाल्या. "चिंगीच्या आईला आधी." आणि फोन ठेवायच्या आधी, "जॅम मात्र यंदा नको हं."

नकोच. मीही तो कुणाला दिला नसता. काच सापडली तरी छत्तीस बरण्यांतला जॅम मी मागच्या अंगणात खड्डा करून ओतला. मुंग्यांनी आठवडाभर चैन केली. थोरली खुर्ची घेऊन शेजारी बसली होती, बोटाला नवी पट्टी. नुसती बसली नव्हती, मुंग्यांना शिव्या देत होती. त्याआधी मी तिला दवाखान्यात नेऊन आणलं होतं. डॉक्टरांनी टोचलं तेव्हा ती म्हणाली, "ही मात्र सुई हं." डॉक्टरांना कळलं नाही.

हंगामाच्या शेवटी उरलीसुरली एक टोपली आली. आता स्टीलची बुधली आहे, तेल ठेवायची, निमुळत्या तोंडाची. दाबायचं काम माझं. थोरली समोर फडकं घेऊन बसते. दर दहा फळांना ती "काठ!" म्हणते, मी थांबते, आणि ती बुधलीच्या तोंडावरून फडकं फिरवते, हळू, पूर्ण गोल. हात कापतोच. कापू दे, उलट त्यामुळे फडकं दोनदा फिरतं. स्टीलचा टवका उडत नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे.

"काठ!" ती म्हणते.

मी दांडा उचलून धरते. फडकं फिरत असतं तेवढा वेळ माझा श्वास वर अडकलेला. ते कुठेही न अडता फिरून आलं की थोरली मान हलवते, आणि मी पुढचं फळ बसवते.